खोल्या मोजल्या, परसाचे काय?

केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थसंकल्प मांडताना 'होम स्टे'साठी मुद्रा योजनेतून कर्ज देण्याची घोषणा केली. प्राप्तिकराच्या सवलतीची चर्चा इतकी मोठी होती की, या एका ओळीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. कोकणाच्या दृष्टीने मात्र ती ओळ महत्त्वाची आहे. सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ मध्ये जाहीर झाला. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, तर जिल्ह्याच्या सीमेला लागूनच असलेल्या गोव्यातील मोपा विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले. पाहुण्यांची वाट मोकळी झाली आहे आणि त्यांच्यासाठी खोल्या बांधायला भांडवलही उपलब्ध होऊ लागले आहे. अशा वेळी एक प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. ज्या झाडा-पाखरांच्या भरवशावर हा व्यवसाय उभा राहणार, त्यांचा हिशेब या साऱ्या योजनेत कोठे मांडला आहे?

मुंबई-पुण्याचा पर्यटक कोकणातल्या घरगुती निवासात उतरतो तो खोलीसाठी नव्हे. तशी किंवा तिच्याहून चांगली खोली त्याला शहरात मिळते. तो पैसे मोजतो ते पहाटेच्या पक्ष्यांच्या आवाजासाठी, फणसाच्या सावलीसाठी, पोफळीच्या आगरातील गारव्यासाठी आणि रात्रीच्या खऱ्याखुऱ्या अंधारासाठी. जाहिरातींतही 'निसर्गाच्या सान्निध्यात' हे शब्द हटकून असतात. म्हणजे विकली जाणारी वस्तू घराबाहेर आहे. नोंदणी, तपासणी आणि प्रतवारी मात्र घराच्या आत होते.

नियम उंबरठ्यापाशी थांबतात

केंद्र सरकारच्या 'बेड अँड ब्रेकफास्ट' अर्थात निवास-न्याहारी योजनेचे निकष पाहिले तर हे सहज ध्यानात येते. एका घरात भाड्याने देण्याच्या खोल्या जास्तीत जास्त सहा आणि खाटा बारा असाव्यात, मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहावे, अशा या योजनेतील मूळ अटी आहेत. त्यांमागील विचार निश्चितच शहाणपणाचा आहे. व्यवसायाचा आकार लहान राहावा, त्याचा पैसा गावातल्या घरात जावा आणि पाहुण्याला घरपणाचा अनुभव मिळावा, हा तो विचार. खोल्यांचा आकार, स्वच्छतागृह, पाणी, स्वच्छता, सुरक्षितता यांवरून घराचा दर्जा ठरतो. ते आवश्यकच आहे.

परंतु परसात किती जुनी झाडे आहेत, विहिरीत सांडपाणी झिरपते काय, रात्री किती दिवे कोणत्या दिशेने जळतात, आवारातील माती उघडी आहे की तिच्यावर सिमेंट ओतले आहे, यांचा विचार त्या दर्जात नगण्य ठरतो. परिणामी, शंभर वर्षांचा आंबा राखणारे घर आणि तो तोडून गाड्यांसाठी फरशी घालणारे घर सरकारदरबारी सारखेच ठरते. किंबहुना, दुसऱ्या घराकडे गाड्या उभ्या करण्याची सोय असल्याने तेच सरस दिसण्याचा संभव अधिक.

एखाद-दुसऱ्या झाडाचा प्रश्न म्हणून याकडे दुर्लक्ष करता येत नाही, याचे कारण कोकणच्या जमिनीच्या मालकीत आहे. विदर्भात जंगल म्हणजे बहुतांशी वनखात्याची जमीन. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातील जमीन अत्यल्प आहे. तेथे जी झाडी दिसते ती मुख्यतः लोकांच्या सातबारावरची, देवस्थानांची आणि गावांची. सिंधुदुर्गातही खासगी झाडीचे प्रमाण मोठे आहे. त्यामुळे ताडोबाप्रमाणे कुंपण घालून आणि वनरक्षक नेमून येथील वन्यजीवन राखता येणार नाही. ते राखायचे तर घराघरांच्या परसातच राखावे लागेल. आणि जी घरे आज पाहुण्यांसाठी दारे उघडत आहेत, त्यांच्या परसात आधी बदल होणार आहेत.

परसातील रहिवासी

कोकणातील जुन्या घराचे आवार हे एक लहानसे अरण्यच असते. पुढे खळे, मागे परडे, त्यात आंबा, फणस, रातांबा, जाम, बकुळ, सोनचाफा. समुद्रालगत नारळी-पोफळीचे आगर आणि पोफळींवर चढलेला मिरीचा वेल. वेंगुर्ल्याच्या बाजूला सुरंगी, वहाळाच्या काठी उंडी आणि केवडा. कडेने जांभ्या दगडांचा, चुन्याविना रचलेला गडगा. या गडग्याच्या फटींतून नेचे उगवतात आणि सरडे, सापसुरळ्या, बेडूक, विंचू सुखाने नांदतात. महाराष्ट्राचा राज्यवृक्ष आंबा, राज्यपुष्प ताम्हण, राज्यपक्षी हरियाल, राज्यप्राणी शेकरू आणि २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान मिळालेले 'ब्लू मॉरमॉन' ही पाचही मानचिन्हे सह्याद्रीच्या पायथ्याच्या एखाद्या गावात एकाच वाडीत दिसू शकतात.

यांतील प्रत्येकाची गरज वेगळी असते, हे समजून घ्यायला हवे. 'ब्लू मॉरमॉन' फुलांतील मध पिण्यासाठी कोणत्याही बागेत येईल; पण त्याच्या अळीला लिंबू, पपनस यांसारख्या लिंबूवर्गीय झाडांची पाने लागतात. परसातले लिंबाचे झाड काढले आणि नर्सरीतून आणलेली रंगीबेरंगी रोपे लावली, तर बाग सुंदर दिसेल, फुलपाखरे मात्र पाहुण्यांसारखी येऊन जातील. तेथे त्यांची पिढी वाढणार नाही. हरियालांचे थवे पिकलेल्या वड-उंबराच्या फळांवर उतरतात. वड-उंबर ही झाडे शोभेच्या बागेत कोणी मुद्दाम लावत नाही. उलट मुळे भिंतीत शिरतात म्हणून ती काढून टाकण्याकडेच कल असतो.

सर्वांत बोलके उदाहरण धनेशाचे. कोकणात ककणेर किंवा गरुड या नावांनी ओळखला जाणारा हा मोठ्या चोचीचा पक्षी आज अनेक घरगुती निवासांच्या जाहिरातींत झळकतो. त्याचे घरटे मोठ्या, जुन्या झाडाच्या नैसर्गिक ढोलीत असते. उन्हाळ्यात मादी ढोलीत शिरते, आतून तोंड लिंपून घेते आणि केवळ एक चिंचोळी फट ठेवते. पुढे कित्येक आठवडे तिचे आणि पिल्लांचे पोट भरण्याची जबाबदारी नरावर असते. योग्य ढोली सापडली की, पक्षी वर्षानुवर्षे तीच वापरतात. म्हणजे जुने, पोकळ, बाजारात किंमत नसलेले झाड हे धनेशाच्या दृष्टीने अमूल्य ठरते. मे महिन्याची सुट्टी आणि विणीचा हंगाम एकाच वेळी येतात. ढोलीखाली कॅमेऱ्यांची गर्दी झाली की नर बिचकतो, खाऊ घेऊन येण्याचे टाळतो आणि आतल्या जिवांची उपासमार होते. पाहुण्यांना धनेश दाखवण्याच्या हौसेपायी धनेशच गावातून नाहीसा व्हावा, असा हा विपरीत प्रकार.

हिरवे म्हणजे समृद्ध नव्हे

घरगुती निवासांमुळे झाडे कमी होतात, असा सरसकट आरोप करणे अन्यायाचे होईल. अनेक मालक झाडे लावतात. प्रश्न कोणती लावतात आणि काय काढून लावतात, याचा आहे. शहरी रिसॉर्टचे अनुकरण गावोगाव पोहोचले आहे. हिरवळीची लॉन, रांगेत उभे केलेले रॉयल पाम, झाडांच्या बुंध्यांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा, आवारभर पेव्हर ब्लॉक आणि कोपऱ्यात पोहण्याचा तलाव, हा त्याचा ठरीव साचा. यातील लॉनला पाणी सर्वाधिक लागते ते एप्रिल-मे महिन्यांत. मुसळधार पावसाच्या कोकणात नेमक्या याच दिवसांत अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. जांभा हा सच्छिद्र दगड. त्यातून पाणी झटकन मुरते, तसे शोषखड्ड्यातील सांडपाणीही शेजारच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकते. दोन खोल्यांच्या घरात बारा पाहुण्यांची व्यवस्था केल्यावर जुना शोषखड्डा तोच ठेवणे, हे म्हणूनच धोक्याचे आहे.

दिव्यांचा परिणाम तर त्याहून कमी लक्षात येतो. काजवे एकमेकांना ओळखतात ते प्रकाशाच्या उघडझापीने. पावसाच्या तोंडावर त्यांचा मीलनकाळ असतो. आवार रात्रभर उजळले की, त्यांचे हे संकेत त्या झगमगाटात हरवतात. डासांसाठी वरचेवर केली जाणारी धुराची फवारणी डासांसोबत पतंग, फुलपाखरे आणि काजवेही मारते. मग पाहुण्यांना 'काजवे दाखवायला' दूरच्या रानात गाडीने न्यावे लागते. जे अंगणात फुकट दिसत होते, त्यासाठी डिझेल जाळण्याची ही पाळी.

येथे आणखी एक भ्रम दूर करायला हवा. हापूसच्या किंवा काजूच्या एकसुरी बागेत बांधलेली कुटिरे हिरवाईत दिसतात. परंतु वारंवार होणाऱ्या कीटकनाशकांच्या फवारणीमुळे त्या हिरवाईत जीवसृष्टी विरळ असते. दोडामार्गच्या बाजूला मिश्र झाडी काढून रबराच्या आणि अननसाच्या लागवडी झाल्या. दुरून डोंगर हिरवाच दिसतो. पण धनेशाला रबराच्या बागेत खायला फळ नाही आणि राहायला ढोलीही नाही.

वेळासने काय शिकवले?

या व्यवसायातून निसर्ग राखला जाऊ शकतो, याचा पुरावा कोकणातच आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालतात. ती अंडी पूर्वी चोरली जात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ पासून तेथे ग्रामस्थांच्या साह्याने संरक्षणाचे काम सुरू केले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला येणारे पर्यटक गावातल्या घरांत उतरतात, घरचे जेवतात आणि त्याचे पैसे गावाला देतात. वाळूतली अंडी खाण्यापेक्षा राखण्यात गावाचा अधिक फायदा आहे, हे गणित व्याख्यानांविना पटले. पुढे किनाऱ्यावरील इतर गावांतही अशी कामे उभी राहिली.

वेळासचे यश एका साध्या गोष्टीत आहे. तेथे पाहुण्याचे येणे थेट कासवाच्या असण्याशी बांधलेले आहे. कासव आले नाही तर पाहुणा येणार नाही, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्यामुळे घरट्यांची राखण हे सर्व गावाचे काम झाले. किनाऱ्यावर दिव्यांचा झगमगाट का नको, हे तेथे कोणाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अंड्यातून निघालेले पिल्लू रात्रीच्या समुद्रावरील मंद उजेडाच्या दिशेने जाते. मागे घरांचे दिवे प्रखर असले तर ते वाट चुकते.

मात्र ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने याच पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट केल्या. नवे झाड उत्पन्न देऊ लागेपर्यंत काही वर्षे जातात. अशा घरांना खोल्यांच्या भाड्याचा आधार वाटावा, हे स्वाभाविकच. म्हणूनच 'पर्यटन नको' ही भूमिका शहरात बसून घेणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

वेळासच्या उलट टोकाला आंबोली उभी आहे. सिंधुदुर्गातील या घाटमाथ्याच्या गावी पावसाळ्यात पर्यटकांचा लोंढा येतो. येथील 'आंबोली टोड' ही भेकाची जात शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये नोंदवली. ती अतिसंकटग्रस्त गणली जाते. तेथील हिरण्यकेशीच्या कुंडातील एक मासा २०२० मध्ये विज्ञानाला नव्याने ठाऊक झाला आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाली. भेकांचा विणीचा काळ म्हणजे पावसाचे पहिले दिवस, आणि पर्यटकांच्या गाड्यांची रीघ लागते तीही त्याच सुमारास. जांभ्याच्या सड्यावरच्या उथळ डबक्यांत त्याची अंडी असतात आणि रस्त्यावरून गाड्या धावत असतात. आंबोलीत बहुतेकजण येतात ते धबधब्यासाठी. भेक असो वा नसो, त्यांच्या येण्यात फरक पडत नाही. कासवाला वेळासमध्ये मिळालेले संरक्षण भेकाला आंबोलीत आपोआप मिळत नाही, त्याचे कारण हेच. निसर्ग पर्यटनाचा लाभ पाहुण्याला दिसणाऱ्या देखण्या प्राण्यापुरता मर्यादित राहतो. न दिसणाऱ्यांसाठी नियम लागतात.

मोठ्या कायद्यांच्या चाळणीतून

पश्चिम घाटासाठी नियम करण्याची चर्चा गेली दीड दशके चालू आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये, तर कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर मार्च २०१४ ते ३१ जुलै २०२४ या काळात केंद्राने अधिसूचनेचे एकूण सहा मसुदे काढले. सहाव्या मसुद्यात सहा राज्यांतील ५६ हजार ८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून सुचवले आहे. त्यांपैकी १७ हजार ३४० चौरस किलोमीटर महाराष्ट्रातील. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग या वन्यप्राण्यांच्या भ्रमणमार्गातील गावे अशा क्षेत्रात समाविष्ट करण्याबाबत चार महिन्यांत कार्यवाही करण्याचा आदेश दिला.

हे सारे महत्त्वाचे आहे. परंतु या तरतुदींची नजर खाणी, औष्णिक प्रकल्प आणि मोठ्या बांधकामांवर आहे. मसुद्यातील बांधकामाची मर्यादा आहे २० हजार चौरस मीटरची. सहा खोल्यांचे घर या मर्यादेच्या आसपासही जात नाही, आणि जाऊही नये. लहान व्यावसायिकाला केंद्रीय परवान्यांच्या जंजाळात लोटणे कोणाच्याच हिताचे नाही. मात्र एका गावात अशी चाळीस घरे उभी राहिली की, त्यांचा एकत्रित परिणाम एका मोठ्या रिसॉर्टइतकाच होतो आणि तो कोणत्याही कायद्याच्या चाळणीत अडकत नाही.

मालकाची बाजू

कोकणातल्या शेतकऱ्याला निसर्गप्रेमाचे धडे देण्यापूर्वी त्याचे गाऱ्हाणे ऐकावे लागेल. वानर-माकडांनी नारळ, केळी, आंबे यांची जी नासधूस चालवली आहे, तिने अनेकांनी परसात काही लावणेच सोडले आहे. रानडुकरे आणि गवे शेतात शिरतात. पाहुणे मात्र माकडांना बिस्किटे घालतात आणि त्याची किंमत शेजारच्या बागायतदाराला मोजावी लागते. सापांची भीतीही खरी आहे. जांभ्याच्या प्रदेशात फुरसे सर्रास आढळते. नाग, मण्यार, घोणस हेही आहेत. पाहुण्याच्या जिवाची जबाबदारी घेतलेल्या मालकाला पालापाचोळा आणि गडगा नकोसा वाटला, तर त्याला दोष कसा द्यावा?

यावर उपाय सरसकट सफाईचा नाही. घरालगतची वाट मोकळी आणि नजरेच्या टप्प्यात ठेवणे, रात्री पाहुण्याच्या हाती विजेरी देणे, बूट झटकून घालायला सांगणे, धान्य आणि खरकटे झाकून उंदीर आवरणे, प्रतिसर्पविष लस असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते हे भिंतीवर लिहून ठेवणे, एवढ्याने धोका बराच घटतो. याउलट पाहुण्यांच्या करमणुकीसाठी साप पकडून दाखवणे किंवा पिंजऱ्यात पोपट टांगणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे मालकालाही सांगायला हवे आणि पाहुण्यालाही.

झाड राखण्याचा भुर्दंड मालकावर पडला की काय होते, याचे उदाहरण सह्याद्रीच्याच दक्षिणेकडील कोडगूत पाहायला मिळते. घरगुती निवासांसाठी प्रसिद्ध असलेल्या कर्नाटकातील या जिल्ह्यात कॉफी पूर्वापार मिश्र देशी झाडांच्या सावलीत वाढली. परंतु देशी वृक्षांच्या तोडीवर आणि विक्रीवर निर्बंध, तर मूळच्या ऑस्ट्रेलियातील सिल्व्हर ओकला मोकळीक, अशी स्थिती राहिली. साहजिकच मळेवाल्यांनी नव्या लागवडीत सिल्व्हर ओकला पसंती दिली आणि देशी सावली विरळ होत गेली. देशी झाड ही मालकाला अडचण वाटू लागली, तर कायदा कितीही कडक असला तरी ते झाड टिकत नाही.

एक पान परसासाठी

म्हणून दंडापेक्षा नोंद आणि सवलत हा मार्ग अधिक व्यवहार्य आहे. घरगुती निवासाच्या नोंदणी-अर्जाला परसासाठी एक पान जोडावे. आवारातील जुनी आणि ढोलीची झाडे, विहीर व शोषखड्डा यांतील अंतर, रात्री जळणाऱ्या दिव्यांची संख्या व त्यांवरील झाकणे, उघड्या मातीचे प्रमाण, एवढ्याच गोष्टी त्यात असाव्यात. मालकाने ते स्वतः भरावे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. अनेक ठिकाणी ही नोंदवही कपाटाची शोभा वाढवते. परसाचे हे पान त्या नोंदवहीत गेले, तर तिला दरवर्षी नवी माहिती मिळेल आणि पडताळणी गावातच होईल. मुद्रा कर्ज, करसवलत, सरकारी संकेतस्थळावरील प्रसिद्धी यांत अशा घरांना प्राधान्य मिळाले की, ढोलीच्या झाडाला प्रथमच पैशांत किंमत येईल.

गावाने निसर्ग राखण्याची परंपरा येथे नवी नाही. दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील रानजायफळाची दुर्मीळ दलदल गावाने देवराई म्हणून पिढ्यान् पिढ्या जपली. २०२१ मध्ये तिला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला तो त्यानंतर. तेथे अडीच हेक्टरांहून थोडीच अधिक जमीन आहे. क्षेत्र लहान असले म्हणून त्याचे मोल लहान ठरत नाही, हे गावाला सरकारच्या आधी कळले होते.

जबाबदारीचा उरलेला वाटा पाहुण्यांचा आहे. खोली ठरवताना वातानुकूलन आणि पोहण्याचा तलाव यांची चौकशी करणाऱ्या शहरी ग्राहकानेच गावातल्या मालकाला लॉन आणि पाम यांची वाट दाखवली. तोच ग्राहक उद्या 'आवारात जुनी झाडे किती आहेत' आणि 'रात्री दिवे मालवता का' असे विचारू लागला, तर मालकाचे उत्तर बदलायला वेळ लागणार नाही. नव्या खोल्यांसाठी कर्जे मंजूर होत असताना आणि जागा आखल्या जात असतानाच हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. खोली एका उन्हाळ्यात बांधून होते. धनेशाला घर देणारी ढोली तयार व्हायला मात्र माणसाचे एक आयुष्यही पुरत नाही.